बेकनचे बंड कोणाविरुद्ध?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेले व्याख्यान)



काल रात्रीच्या चर्चेत एका तरुण मित्राने १६७६ सालच्या बेकनच्या बंडाचा उल्लेख 'अमेरिकेच्या भूमीवरील कष्टकऱ्यांचा पहिला उठाव' असा केला. मी तेव्हा काही बोललो नाही, कारण ते वाक्य त्याने बहुधा माझ्याकडूनच उचलले असावे. अशा वर्गांतून कित्येक वर्षे मी ते उच्चारीत आलो आहे. गोरा मजूर आणि काळा गुलाम खांद्याला खांदा लावून जमीनदारांच्या गव्हर्नरावर चालून जातात आणि त्याची राजधानी जाळून टाकतात, हे चित्र आपल्या मनाला भावते. ते खोटेही नाही. परंतु त्यातून एक माणूस गाळला गेला आहे, आणि ज्याच्या जमिनीवर हे सारे घडले तोच नेमका तो आहे. तेव्हा आज मला माझेच वाक्य तपासावयाचे आहे. त्यासाठी बंडाच्या सत्तर वर्षे मागे जाऊन व्हर्जिनियाच्या वसाहतीचा पाया कसा घातला गेला हे पाहावे लागेल.

ईस्ट इंडिया कंपनी आपल्या परिचयाची आहे. ३१ डिसेंबर १६०० रोजी राणी एलिझाबेथने तिला सनद दिली. टॉमस स्माइथ हा तिचा पहिला गव्हर्नर. हाच स्माइथ १६०९ पासून दहा वर्षे व्हर्जिनिया कंपनीचा खजिनदार होता, आणि खजिनदार हेच त्या कंपनीतील सर्वोच्च पद होते. व्हर्जिनिया कंपनीला सनद मिळाली एप्रिल १६०६ मध्ये, पहिल्या जेम्स राजाकडून. दोन्ही कंपन्या भागभांडवलाच्या आणि दोहोंच्या मागे लंडनचे व्यापारी. पण त्यांची वागणूक पाहा. १६०८ च्या ऑगस्टमध्ये विल्यम हॉकिन्स सुरतेस उतरला तो मोगल दरबारी अर्जविनंत्या करण्यासाठी. त्याच्या सव्वा वर्ष आधी, मे १६०७ मध्ये, जेम्स नदीच्या काठी १०४ इंग्रज उतरले आणि महिनाभरात त्यांनी तीन कोनांची तटबंदी उभारून तोफा बसविल्या. मालक तेच, काळ तोच. सुरतेत अदब होती ती समोर मोगलांचे राज्य होते म्हणून. इंग्रजांचा स्वभाव असा नि तसा, ही चर्चा मला नेहमीच निरर्थक वाटत आली आहे.

त्याच मे-जून महिन्यांत खुद्द इंग्लंडमध्ये काय चालले होते? मध्य इंग्लंडच्या परगण्यांत शेतकरी आणि शेतमजूर जमीनदारांनी घातलेली कुंपणे उपटून टाकत होते. गावाच्या सामायिक जमिनी बळकावून, त्यांना कुंपणे घालून तेथे मेंढ्या पोसण्याचा उद्योग जोरात होता. ८ जून १६०७ रोजी नॉर्थॅम्प्टनशायरमधील न्यूटन येथे या लोकांवर सशस्त्र हल्ला झाला आणि चाळीसहून अधिक माणसे मारली गेली. जेम्सटाउनचा तट त्याच सुमारास पुरा होत होता. व्हर्जिनियाच्या पुढील इतिहासात जो दरिद्री गोरा मजूर आपल्याला भेटणार आहे तो या कुंपणांनी घडविलेला आहे, हे ध्यानात ठेवावे. जमीन गेल्यावर तो लंडनच्या रस्त्यांवर आला आणि तेथून जहाजावर चढविला गेला.

ज्या भूमीवर तो उतरला ती ओसाड नव्हती. चेसापीक उपसागराला मिळणाऱ्या नद्यांच्या काठी सुमारे तीस जमातींचा एक संघ नांदत होता. लोकसंख्या अंदाजे चौदा-पंधरा हजार. आपल्या देशाला ते त्सेनाकॉमाका म्हणत. त्यांच्या सर्वाधिपतीचे नाव वाहुन्सेनाकॉ. इंग्रजांनी त्याला पाउहाटन म्हटले आणि तेच पुस्तकांतून रूढ झाले. (या लोकांना मी 'रेड इंडियन' म्हणणार नाही. कोलंबसाच्या चुकीचा भार त्यांनी आणखी किती शतके वाहावा?) बायका मका, घेवडा आणि भोपळा एकाच शेतात लावीत, पुरुष शिकार व मासेमारी करीत, आणि सत्तेचा वारसा आईच्या बाजूने चाले. जमीन थकली म्हणजे ती पडीक सोडून नवी शेते काढीत आणि काही वर्षांनी पुन्हा जुन्या जागेकडे वळत. आपल्याकडील डोंगरी मुलखातील फिरती शेती ज्यांनी पाहिली आहे त्यांना यात नवे काही वाटणार नाही, आणि विश्रांती घेणाऱ्या जमिनीला 'ओस' ठरविणारी सरकारी नजरही त्यांच्या ओळखीची असेल. जिला कुंपण नाही आणि नांगर लागलेला नाही ती जमीन कोणाचीच नाही, हा इंग्रजांचा न्याय होता. न्यूटनच्या शेतकऱ्यांवर वापरलेले शस्त्रच येथे समुद्रापार आले.

पहिली काही वर्षे मात्र इंग्रजांना जमिनीत रस नव्हता. कंपनीला सोने हवे होते आणि पॅसिफिक महासागराकडे जाणारा जलमार्ग हवा होता. आलेल्यांत खानदानी सद्गृहस्थ पुष्कळ आणि कष्टाची सवय असलेले थोडे. १६०८ साली चकाकणाऱ्या मातीने भरलेले जहाज लंडनला रवाना झाले. ती शेवटी मातीच निघाली. पोटाला लागणारा मका शेजाऱ्यांकडून मिळेल, हा हिशेब. पण त्या शेजाऱ्यांचीही स्थिती काय होती ते अलीकडे कळले आहे. १९९८ साली शास्त्रज्ञांनी त्या भागातील जुन्या सायप्रस वृक्षांच्या खोडांतील वर्तुळांचा अभ्यास करून दाखविले की १६०६ ते १६१२ ही सात वर्षे तेथील सुमारे ७७० वर्षांतील सर्वांत कोरडी होती. १९७२ चा दुष्काळ पाहिलेल्या माणसाला याचा अर्थ समजावून सांगावा लागू नये. ज्यांच्या स्वतःच्या कणग्या रिकाम्या होत होत्या त्यांच्या दारी हे बंदूकधारी पाहुणे धान्य मागत होते, आणि न मिळाल्यास लुटत होते.

१६०९-१० च्या हिवाळ्यात पाउहाटनने वेढा घातला. कोटात अडकलेल्या सुमारे तीनशे माणसांपैकी वसंतात साठच्या आसपास उरली. माणसांनी घोडी, कुत्री, उंदीर खाल्ले, आणि अखेर मेलेली माणसेही खाल्ली, असे वाचलेल्यांनी लिहून ठेवले होते. अनेक इतिहासकार त्याला अतिशयोक्ती समजत. २०१२ साली उत्खननात चौदा वर्षांच्या एका इंग्रज मुलीची कवटी सापडली. तिच्यावरील घावांवरून मांस काढल्याचे पुढल्या वर्षी तज्ज्ञांनी जाहीर केले. नफ्याच्या आशेने लंडनमध्ये भाग विकत घेणाऱ्यांपैकी कोणी त्या मुलीचे नाव ऐकले नसणार.

भूक सोसलेल्या माणसाला दुसऱ्याची भूक कळते, असे आपण म्हणतो. १६१० च्या ऑगस्टमध्ये जॉर्ज पर्सी या अधिकाऱ्याच्या तुकडीने कोटाजवळच्या पॅस्पाहे जमातीच्या गावावर हल्ला केला. पंधरा-सोळा माणसे मारली, घरे जाळली, उभा मका कापला, राणीला आणि तिच्या मुलांना धरून नावेत घातले. परतीच्या वाटेवर शिपायांनी मुलांना नदीत फेकून पाण्यातच गोळ्या घातल्या. राणीला नंतर तलवारीने मारले. ही हकीकत पर्सीने स्वतः लिहिली आहे. हे शिपाई काही महिन्यांपूर्वीच्या उपासमारीच्या छायेतलेच होते.

आणि तरीही दुसरी एक वाट उघडी होती. तिच्याबद्दल आपण फारसे बोलत नाही. कोटातले सामान्य लोक पळून जात होते. कोठे? पाउहाटनच्या गावांत. तेथे अन्न होते, आणि चाबूक नव्हता. कोटात १६१० पासून लष्करी कायदे लागू होते. मका चोरला तर मृत्यू, पळून मूळ रहिवाशांकडे गेला तर मृत्यू. १६१२ साली परत पकडून आणलेल्या पळपुट्यांना टॉमस डेल याने कोणाला फाशी देऊन, कोणाला जाळून, कोणाला चाकावर हाडे मोडून मारविले. एवढे क्रौर्य कशासाठी? कंपनीला पळणाऱ्याची भीती वाटत होती. गरीब इंग्रज आणि मूळ रहिवासी एकाच चुलीभोवती बसू लागले तर तिचा सारा व्यवहार आटोपला असता. गोऱ्या मजुराला मूळ रहिवाशाचा शत्रू बनविण्याचे काम प्रथम फाशीच्या दोरीने सुरू झाले. मजूर जन्मतःच तसा होता असे मानण्याचे कारण नाही.

पण दोरीने वसाहत चालत नाही. ती चालली तंबाखूवर. १६१२ च्या सुमारास जॉन रॉल्फ याने वेस्ट इंडीजकडचे गोड जातीचे बी लावून पाहिले. (जाता जाता: तंबाखू तोवर आपल्या दख्खनमध्ये येऊन पोचली होती. अकबराचा वकील असद बेग याने ती १६०४-०५ च्या सुमारास विजापुराहून बादशहाच्या भेटीसाठी नेली. राजा जेम्सने याच १६०४ साली तंबाखूच्या व्यसनाविरुद्ध एक पुस्तिका लिहिली. पुढे त्याच्याच नावाच्या गावाने तंबाखूवर पोट भरले.) १६१७ साली व्हर्जिनियाहून सुमारे २० हजार पौंड तंबाखू गेली, १६२९ च्या सुमारास हा आकडा १५ लाखांच्या घरात होता. जेम्सटाउनच्या रस्त्यांत आणि बाजाराच्या जागेतसुद्धा रोपे लावली गेली. निपाणीकडच्या मित्रांना ठाऊक आहे की हे पीक माणसाला सोडत नाही. रोपे लावा, शेंडे खुडा, फुटवे काढा, अळ्या वेचा, पाने वाळवा. शिवाय तीन-चार वर्षांत जमीन कस गमावते. म्हणजे दोन गोष्टी सतत हव्यात: नवी जमीन आणि नवे हात.

येथे मार्क्सच्या 'भांडवल' ग्रंथाच्या पहिल्या खंडातील शेवटचे प्रकरण आठवावे. पील नावाचा एक श्रीमंत इंग्रज पश्चिम ऑस्ट्रेलियात स्वान नदीकाठी पैसा, अवजारे आणि मजूर घेऊन गेला. तेथे पोहोचताच मजूर पांगले, आणि अंथरूण घालायलाही नोकर उरला नाही, हा किस्सा मार्क्सने तेथे थट्टेने सांगितला आहे. जेथे कोणीही जमीन कसू शकतो तेथे मजुरीवर कोण राहील? व्हर्जिनियाच्या मालकांपुढे हाच पेच दोनशे वर्षे आधी उभा राहिला. त्यांनी काढलेली तोड अशी: मजुराला आधी बांधून ठेवायचे. १६१८ च्या नियमानुसार जो कोणी एका माणसाचे जहाजभाडे भरील त्याला पन्नास एकर जमीन. येणारा मजूर चार ते सात वर्षे त्याच्या नावे करारबद्ध. मजूर आणा, त्याच्या घामाचे पीक घ्या, वर त्याच्या डोक्यामागे जमीनही घ्या! ती जमीन कोणाची, हा प्रश्न नियमात नाही. १६१९ मध्ये लंडनच्या रस्त्यांवरील सुमारे शंभर अनाथ व दरिद्री मुले उचलून पाठविण्यात आली. १६२१ मध्ये आलेल्या वधूंची किंमत प्रत्येकी दीडशे पौंड उत्तम तंबाखू ठरली. १६३५ सालच्या एका नोंदीत, ज्यांच्या बदली मालकाने जमीन मागितली त्या माणसांच्या यादीत, 'टोनी, ईस्ट इंडियन' असे नाव आढळते. म्हणजे आपल्या बाजूच्या एका माणसाच्या डोक्यामागेही कोणी पन्नास एकर मागितले.

१६०७ पासून आलेल्या सहा हजारांहून अधिक माणसांपैकी १६२५ च्या शिरगणतीत सुमारे बाराशे जिवंत होती. मजुराने करार पुरा होईपर्यंत जगावे अशी अपेक्षाच बहुधा नव्हती.

१६१९ सालाचा आणखी दोन कारणांनी उल्लेख होतो. जुलैअखेर तेथे निवडून आलेल्या प्रतिनिधींची पहिली सभा भरली, आणि ऑगस्टअखेर अंगोलातून धरून आणलेली 'वीस-बावीस' आफ्रिकी माणसे 'व्हाइट लायन' नावाच्या जहाजातून उतरविली गेली. खलाशांनी त्यांच्या मोबदल्यात शिधासामग्री घेतली. अमेरिकन लोकशाहीचा जन्म आणि गुलामगिरीची सुरुवात यांच्यात चार आठवडे होते.

तंबाखूची शेते नद्यांच्या काठाने वर सरकत गेली, आणि इंग्रजांची मोकाट डुकरे मूळ रहिवाशांच्या कुंपण नसलेल्या मक्यात शिरत राहिली. पोकाहॉन्टस आणि रॉल्फ यांच्या १६१४ मधील विवाहाने आलेली शांतता या रेट्यापुढे किती टिकणार? शाळेतल्या गोष्टींत ती 'प्रेमकथा' असते. लग्नाच्या वर्षभर आधी इंग्रजांनी तिला फसवून जहाजावर नेऊन ओलीस ठेवली होती हे गोष्टीत नसते. २२ मार्च १६२२ रोजी पाउहाटनचा भाऊबंद ओपेचनकॅनो याच्या नेतृत्वाखाली एकाच सकाळी सर्व वस्त्यांवर हल्ला झाला. ३४७ इंग्रज मारले गेले. त्यांत बायका होत्या, मुले होती, आणि सक्तीने आणलेले मजूरही होते. हे मी लपवू इच्छीत नाही. पण लंडनमध्ये लगेच निघालेल्या एका पत्रकाचा सूर पाहण्यासारखा आहे. एडवर्ड वॉटरहाउस नावाच्या लेखकाने प्रतिपादन केले की आजवर आपण सौजन्याने हात बांधून घेतले होते, आता ते मोकळे झाले. यापुढे त्यांची तयार शेते आणि उत्तम गावठाणे आपलीच. कंपनीला मेलेल्यांचे दुःख असेलही, परंतु जमिनीची मोकळीक मिळाल्याचे समाधान त्यात लपत नाही. पुढच्या वर्षी तहाच्या बोलण्यासाठी बोलावून, विष कालवलेले मद्य पाजून सुमारे दोनशे लोकांना मारल्याची नोंद इंग्रजांनीच केली आहे. दरसाल पीक कापणीला येताच शेते जाळावयाची, हा क्रम दहा वर्षे चालला. १६२४ मध्ये कंपनीची सनद रद्द होऊन वसाहत राजाची झाली. जाळण्यात खंड पडला नाही.

१६४४ मध्ये अतिवृद्ध ओपेचनकॅनोने पुन्हा उठाव केला. दोन वर्षांनी तो पकडला गेला आणि जेम्सटाउनच्या कैदेत एका पहारेकऱ्याने त्याच्या पाठीत गोळी घातली. १६४६ च्या तहाने उरलेल्या जमाती इंग्रजांच्या मांडलिक झाल्या. दरवर्षी वीस बीव्हर-कातडी खंडणी द्यावयाची, आणि यॉर्क नदीच्या उत्तरेस राहावयाचे. या तहात निदान एक सीमा होती. पुढची तीस वर्षे ती मागे रेटण्यात गेली.

आता बेकनकडे येऊ. १६७० च्या दशकात व्हर्जिनियाचे चित्र बदललेले होते. मजूर आता करार पुरा होईपर्यंत जगत होते, आणि मोकळे होऊन जमीन मागत होते. नदीकाठची चांगली जमीन बड्या मळेवाल्यांनी हजारो एकरांनी बळकावलेली. तंबाखूचा भाव पेनीच्या आसपास घसरलेला, त्यात करही तंबाखूतच आणि डोईप्रमाणे, म्हणजे मळेवाल्याच्या आणि भूमिहीनाच्या डोक्याला सारखाच. १६७० मध्ये भूमिहीनांचा मताधिकार काढून घेतलेला. गव्हर्नर विल्यम बर्क्ली याने स्वतःच पत्रात तक्रार केली आहे की त्याच्या प्रजेतील सातांतले सहा जण कर्जात बुडालेले आणि हाती शस्त्र असलेले आहेत. सीमेवर जाऊन राहण्यावाचून या माणसांना गत्यंतर नव्हते, आणि सीमेपलीकडे मूळ रहिवाशांची तहाने राखलेली जमीन होती. बर्क्लीला त्या तहांबद्दल जिव्हाळा होता, कारण कातड्यांच्या व्यापारात त्याचा आणि त्याच्या मित्रांचा वाटा होता. गरिबाला दिसत होते ते एवढेच: गव्हर्नर आपल्यावर कर लादतो आणि त्यांना पाठीशी घालतो.

ठिणगी पडली १६७५ मध्ये, डुकरांवरून. टॉमस मॅथ्यू या मळेवाल्याने मालाचे पैसे बुडविले म्हणून डोएग जमातीच्या लोकांनी त्याची डुकरे नेली. सूड म्हणून निघालेल्या तुकडीने संबंध नसलेल्या सस्क्वेहॅनॉक लोकांनाही मारले; पुढे त्यांचे पाच पुढारी बोलणी करण्यासाठी बाहेर आले असता ठार केले गेले. युद्ध पेटले. त्याच वेळी पुढे आला नॅथॅनिएल बेकन. हा कष्टकरी नव्हे. केंब्रिजला शिकलेला, श्रीमंत, गव्हर्नरच्या पत्नीचा नातेवाईक, मंडळाचा सभासद, वसाहतीत येऊन दोन वर्षेही झालेली नव्हती. त्याने सीमेवरील लोकांना हाक दिली आणि पहिला हल्ला केला तो ऑकनीचींवर, ज्यांनी नुकतीच त्याच्या वतीने सस्क्वेहॅनॉकांशी लढाई जिंकून दिली होती. नंतर तो वळला तहाने बांधलेल्या पामंकी जमातीवर.

त्या पामंकींची राणी कॉकाकोएस्की. १६७६ मध्ये तिला जेम्सटाउनला बोलावून विचारण्यात आले, इंग्रजांच्या मदतीला किती लढवय्ये देशील? ती बराच वेळ गप्प बसली. मग वीस वर्षांपूर्वीचा हिशेब तिने मांडला: १६५६ मध्ये तिचा पती टोटोपोटोमॉय शंभर लोकांसह इंग्रजांच्या बाजूने लढताना मारला गेला, आणि त्याबद्दल कोणी तिला काहीही दिले नाही. सभेने त्या प्रश्नाला उत्तर दिले नाही. अध्यक्षाने पुन्हा विचारले, किती माणसे? अखेर ती बारा म्हणाली. काही महिन्यांनी बेकनच्या लोकांनी तिची वस्ती लुटली, माणसे मारली व धरली, आणि ती दलदलीत लपून कशीबशी वाचली. ज्या उठावाला मी कष्टकऱ्यांचा म्हणत आलो, त्याची मोहीम ही होती.

सर्वांत बोलका पुरावा जून १६७६ च्या सभेचे कायदे. ही सभा बंडखोरांच्या दबावाखाली भरली. एका कायद्याने भूमिहीन स्वतंत्र पुरुषांना मताधिकार परत मिळाला. दुसऱ्याने युद्धात पकडलेल्या मूळ रहिवाशांना आजन्म गुलाम ठरविले, आणि त्यांनी सोडलेल्या जमिनी विकून युद्धाचा खर्च भागवावा असे म्हटले. एकाच सभेत, एकाच महिन्यात. पुढे मताधिकार पुन्हा गेला; कैद्यांना गुलाम ठेवण्याची मुभा मात्र लवकरच परत देण्यात आली.

मग खांद्याला खांदा? तेही घडले, आणि म्हणूनच निवाडा सोपा नाही. सप्टेंबरमध्ये बेकनने गव्हर्नरपक्षाच्या मालकांकडील मजुरांना आणि गुलामांना, आपल्या बाजूस येतील तर मुक्त करू, असे वचन दिले. १९ सप्टेंबरला जेम्सटाउन जळाले. २६ ऑक्टोबरला बेकन हगवणीने मेला. त्याच्या मागे पुष्कळ श्रीमंत साथीदार शरण गेले. शेवटच्या तळावर सुमारे चारशे गोरे आणि काळे शस्त्र धरून होते. टॉमस ग्रँथम या कप्तानाने माफीची आणि मुक्ततेची आश्वासने दिली, बहुतेकांनी मानली. ऐंशी काळ्या व वीस गोऱ्या मजुरांनी मानली नाहीत. अखेर गोड बोलून त्यांना नावेत घेतले गेले, मग जहाजाच्या तोफा त्यांच्यावर रोखल्या, शस्त्रे काढून घेतली आणि सर्वांना पुन्हा मालकांच्या हवाली केले. त्या शंभर माणसांसाठी मी ते जुने वाक्य अजून राखून ठेवीन. साऱ्या बंडासाठी राखणार नाही.

मळेवाल्यांना या शंभरांची धास्ती बसली. एडमंड मॉर्गन या इतिहासकाराने १९७५ च्या आपल्या ग्रंथात दाखविले आहे की पुढच्या पिढीत व्हर्जिनियाने करारबद्ध गोऱ्यांऐवजी आफ्रिकी गुलामांवर भिस्त ठेवली, आणि त्याबरोबर गोरा गरीब व गोरा मळेवाला एका बाजूला आले. ही केवळ बंडाची प्रतिक्रिया होती असे मी म्हणणार नाही. इंग्लंडहून येणारे मजूर कमी झाले होते, १६९८ मध्ये गुलामांच्या व्यापारातील मक्तेदारी उठली. रंगाची रेघही पूर्वीच ओढली जात होती: १६४० मध्ये तिघे मजूर एकत्र पळाले, दोघा गोऱ्यांना काही वर्षे वाढवून मिळाली आणि जॉन पंच या काळ्या मजुराला जन्मभराची गुलामी. १६६२ च्या कायद्याने मूल आईच्या स्थितीला बांधले गेले. पण १७०५ च्या कायद्यात ही रेघ पूर्ण झाली. गोऱ्या ख्रिस्ती मजुराला न्यायाधीशाच्या हुकमावाचून उघडे करून फटके मारता येणार नाहीत. त्याचा करार संपला की मका, थोडे पैसे आणि बंदूक द्यावी. आणि गुलामांनी पाळलेले घोडे, गुरे, डुकरे जप्त करून विकावीत व तो पैसा गावातील गरिबांना वाटावा! गरिबांना, म्हणजे गोऱ्या गरिबांना. मळेवाल्याच्या खिशातून यात एक शिलिंगही गेला नाही.

काही मित्र म्हणतील, गोरा गरीब फसविला गेला, त्याचा दोष काय? मला हे अर्धेच पटते. १६१२ मध्ये चाकावर हाडे मोडून मेलेला पळपुटा आणि १६७६ मध्ये पामंकींच्या वस्तीत शिरलेला बंदूकधारी, दोघेही गरीबच. पहिल्याला मालकाने मारले. दुसऱ्याला मालकाने मारले नाही. त्याने आपल्या भुकेसाठी जवळचे आणि दुबळे दार निवडले. त्याची भूक खरी होती, त्याचे कर अन्यायाचे होते, आणि त्याने केलेली लूटही खरी होती. तिन्ही एका दमात सांगता आले पाहिजे. उठाव कोणी केला एवढेच विचारून आपण थांबतो. जमीन कोणाची मागितली, हे विचारण्याचे राहून जाते. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अमेरिकेतील गुलामीविरुद्ध झगडणाऱ्या सज्जनांना अर्पण केली, तेव्हा त्यांच्यापुढे अशी माणसे होती की ज्यांनी आपल्याच बाजूच्या लोकांचा रोष पत्करला होता.

राहता राहिली कॉकाकोएस्की. बर्क्लीने सूडापोटी तेवीस बंडखोर फासावर दिले, आणि १६७७ साली तो लंडनला परत जाऊन मेला. त्याच वर्षी कॉकाकोएस्कीने मिडल प्लँटेशन येथे इंग्लंडच्या राजाशी तह केला. आपल्या लोकांची उरलेली जमीन, मासेमारी आणि शिकारीचा हक्क तिने त्यात लिहून घेतला. पामंकी आजही त्या नदीच्या वळणावरील जमिनीवर आहेत. अमेरिकेच्या केंद्र सरकारने त्यांना जमात म्हणून मान्यता देण्याचा निर्णय २०१५ मध्ये घेतला, तहानंतर तीनशे अडतीस वर्षांनी. दर नोव्हेंबरमध्ये ते आणि शेजारचे मॅटापोनी शिकार केलेले हरीण घेऊन व्हर्जिनियाच्या गव्हर्नरच्या दारी जातात आणि तहात ठरलेली खंडणी देतात. तहाची आपली बाजू त्यांनी एकदाही मोडलेली नाही, असे ते सांगतात.